मशीन शॉपला पाठवायचं ड्रॉइंग: काय लिहायचं आणि काय सोडायचं?

रेघोटी

नमस्कार मंडळी.

एका छोट्या यंत्रासाठी दोन भाग बनवून घ्यायचे आहेत. पहिला ॲल्युमिनियमचा ब्लॉक, १२० × ८० × २५ मिमी. त्यात ६००४ क्रमांकाचं बेअरिंग बसेल. ब्लॉकची मागची बाजू यंत्राच्या भिंतीला टेकते, चार एम६ बोल्ट आणि दोन ६ मिमीच्या डॉवेल पिना (ब्लॉकची जागा नेमकी ठरवणाऱ्या) आहेत. पुढच्या बाजूला सेन्सरसाठी १५ मिमी खोल खळगा आहे आणि त्यावर झाकण येतं, एम४ स्क्रूने. दुसरा भाग शाफ्ट: मधे २५ व्यास, दोन्ही टोकांना २० व्यास, एका टोकाला चावीची (शाफ्टबरोबर चाक फिरवणाऱ्या छोट्या तुकड्याची) खाच.

थ्री-डी मॉडेल तयार आहे. त्यावरून ड्रॉइंग काढलं, सॉफ्टवेअरने मापं दिली ती तशीच ठेवली (तीन दशांश स्थळं) आणि टायटल ब्लॉकमध्ये (कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) "सर्व मापे ±०.०२" असं लिहिलं. दोन ठिकाणी पाठवलं. एकांनी "हे आमच्याकडे होणार नाही" एवढंच कळवलं. दुसऱ्यांनी भाव सांगायच्या आधी प्रश्नांचं पानभर पत्रक पाठवलंय. त्यातले निम्मे प्रश्न मला कळले, निम्मे नाहीत.

चांगलं ड्रॉइंग म्हणजे नक्की काय? जास्त माहिती द्यायची की कमी? इथे शॉपमध्ये काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

खराद

ज्यांनी प्रश्न पाठवले त्यांना धरून ठेवा. न विचारता काम घेणारा जास्त धोक्याचा.

आता ±०.०२ बद्दल. तुम्हाला वाटलं असेल की सगळीकडे कडक टॉलरन्स (मापात चालणारी कमी-जास्त चूक) दिला की भाग नेमका येईल. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. बेअरिंगचा बोअर (ते बसतं ते गोल भोक) आणि ब्लॉकची बाहेरची कड, दोन्हींवर एकच आकडा. म्हणजे एक तर त्याने सगळ्याच मापांना बोअरइतकं जपायचं किंवा कुठलं माप खरं महत्त्वाचं आहे ते स्वतः ओळखायचं. पहिल्यात वेळ वाया जातो, दुसऱ्यात तुमचा भाग.

शिवाय १२० मिमी लांबीच्या ॲल्युमिनियमवर ±०.०२ म्हणजे काय ते बघा. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. जॉब मशीनवरून उतरला आणि ८ अंश जास्त गरम असला तर १२० मिमी लांबीत २२ मायक्रॉनचा फरक पडतो. कापणाऱ्याची काही चूक नसताना माप बाहेर. आणि ती कड तर हवेत आहे, कशाला टेकतसुद्धा नाही!

तेव्हा ड्रॉइंगची प्रिंट घ्या आणि प्रत्येक मापाला एकच प्रश्न विचारा: हे माप अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तर काय बिघडेल? "काही नाही" असं उत्तर आलं तर त्या मापाला स्वतंत्र टॉलरन्स नको. ते सर्वसाधारण टॉलरन्सवर सोडा. आयएसओ २७६८ या मानकाच्या पहिल्या भागातला मध्यम वर्ग घेतलात तर ६ ते ३० मिमीला ±०.२, ३० ते १२० ला ±०.३, १२० ते ४०० ला ±०.५ मिळतो. कुठल्याही बऱ्या मिलिंग मशीनवर हे आरामात निघतं. उरतील ती पाच-सहा मापं. त्यांच्यावर जीव ओता.

आणि हो, तीन दशांश काढून टाका. ८०.००० असं दिसलं की आमच्या पोटात गोळा येतो.

तिरकस

२डी ड्रॉइंगचा हा सगळा खटाटोप कशाला करायचा, हेच मला समजत नाही. स्टेप फाइल (थ्री-डी मॉडेलची फाइल) पाठवा, कॅम सॉफ्टवेअर (मशीनला कापायचा मार्ग देणारं) ती उघडतं, मशीन तिच्यावरून कापतं. कागद काढायचा, मग त्या कागदावरून माणसाने पुन्हा आकडे वाचायचे, हा उलटा प्रवास आहे. मी कितीतरी भाग निव्वळ मॉडेलवर बनवून घेतलेत.

मापाडी

तिरकस, ब्रॅकेट, कव्हर, शोभेच्या प्लेटा यांना नुसतं मॉडेल पुरतं, मान्य. पण इथे बेअरिंग आहे, म्हणून रेघोटीताईंचाच शाफ्ट घेऊ.

बेअरिंगची आतली रिंग शाफ्टबरोबर फिरते, तेव्हा शाफ्टवर ती हलकी आवळून बसायला हवी. त्यासाठी नेहमी के६ हा टॉलरन्सचा ठरलेला वर्ग देतात. २० व्यासाला के६ म्हणजे +०.००२ ते +०.०१५. याचा अर्थ शाफ्ट २०.००२ आणि २०.०१५ च्या मधे हवा. मॉडेलमध्ये तुम्ही काय काढलंय? २०.०००. ऑपरेटरने मॉडेल तंतोतंत कापलं, एका मायक्रॉनचाही फरक पडू दिला नाही, तरी तो शाफ्ट रिजेक्ट आहे. मॉडेलमध्ये नाममात्र माप असतं. खरं हवं असलेलं माप त्याच्या बाजूला कुठेतरी असतं, आणि ते "कुठेतरी" सांगायला ड्रॉइंग लागतं.

बोअरचंही तसंच. ६००४ चा बाहेरचा व्यास ४२, बेअरिंग बनवणारा तो ० ते −०.०११ मध्ये देतो. घर (ब्लॉकमधला बोअर) एच७ ठेवलं तर ४२.००० ते ४२.०२५. म्हणजे घर आणि बेअरिंग यांत शून्य ते ०.०३६ एवढी जागा राहू शकते. बाहेरची रिंग स्थिर असताना हे चालतं, बेअरिंग हाताने आत सरकतं. फक्त घर ॲल्युमिनियमचं आणि बेअरिंग पोलादाचं आहे हे लक्षात ठेवा. तापमान ४० अंशांनी चढलं तर ४२ व्यासावर आणखी जवळपास १८ मायक्रॉन सैल होईल. रिंग फिरू लागण्याची भीती असेल तर एच७ ऐवजी थोड्या घट्ट जे७ चा विचार करा.

आटे हा तर मॉडेलचा आणखी मोठा गोंधळ. एम४ चं भोक कोणी ३.३ चं काढतो (आटे पाडणाऱ्या टॅपच्या आधीचं ड्रिल), कोणी ४.० चं, कोणी चक्क आट्याची नागमोड कोरतो. साध्या स्टेप फाइलमध्ये हे आट्याचं भोक आहे असं कुठेच लिहिलेलं नसतं. समोरच्याला फक्त एक दंडगोल दिसतो.

मॉडेल आणि ड्रॉइंग दोन्ही पाठवा. मॉडेल कापायला, ड्रॉइंग तपासायला. आणि ड्रॉइंगवर एक ओळ टाका: दोन्हींत फरक आढळल्यास ड्रॉइंग ग्राह्य धरावे. ही ओळ नसली की वाद झालाच म्हणून समजा.

तिरकस

एपी२४२ प्रकारच्या स्टेप फाइलमध्ये टॉलरन्ससुद्धा मॉडेललाच जोडता येतो. कागद लागत नाही.

मापाडी

येतो. तुमच्या सॉफ्टवेअरने तो नीट लिहिला, समोरच्याच्या सॉफ्टवेअरने तो वाचला आणि तपासणी करणाऱ्याकडेही तेच असलं तर कागद नको. पण पाठवण्यापूर्वी समोरच्याला विचारा. बऱ्याच ठिकाणी फाइल उघडते, आकार दिसतो आणि टॉलरन्स गुपचूप गायब झालेला असतो.

रेघोटी

के६ आणि २०.००० ची गोष्ट डोळे उघडणारी आहे. मी बसून यादी केली. मला खरोखर महत्त्वाचं वाटतं ते असं: बेअरिंगचा बोअर, शाफ्टची दोन्ही टोकं, डॉवेलची भोकं आणि डॉवेलपासून बोअरचं अंतर (भिंतीच्या पलीकडे दुसरं बेअरिंग आहे, दोन्ही एका रेषेत हवीत). मागची बाजू सपाट हवी. बाकी सगळं सैल चालेल.

पण बोल्टच्या भोकांच्या जागेला किती द्यायचं? ती तर भिंतीतल्या आट्यांशी जुळायला हवीत. सध्या एका भोकापासून पुढचं, त्यापासून पुढचं अशी साखळीने मापं दिली आहेत.

मापाडी

साखळी तोडा. साखळीत प्रत्येक अंतराचा टॉलरन्स पुढच्यात जमा होतो. ±०.२ ची चार अंतरं एकापुढे एक असली तर पहिल्या आणि पाचव्या भोकातला फरक ±०.८ पर्यंत जाऊ शकतो, आणि प्रत्येक माप आपापल्या परीने बरोबरच असतं. सगळी मापं एकाच ठिकाणापासून द्या.

ते ठिकाण कुठलं, हा ड्रॉइंगमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. बहुतेक जण सवयीने डावा खालचा कोपरा घेतात, कारण मॉडेलिंग तिथून सुरू केलेलं असतं. तुमच्या ब्लॉकच्या कडा कशालाच टेकत नाहीत. ब्लॉक यंत्रावर बसतो तो मागच्या सपाट बाजूवर, आणि त्याची जागा ठरते डॉवेलमुळे. म्हणून डेटम (जिथून मापं धरायची ते ठिकाण) ए म्हणजे मागची बाजू, बी एक डॉवेल भोक, सी दुसरं. बोअर ए ला काटकोनात, आणि बी-सी पासून त्याची जागा ठरलेली. बोल्टची भोकंही बी-सी पासूनच. आता वाचणाऱ्याला कळतं की मागची बाजू, डॉवेल आणि बोअर शक्यतो एकाच सेटिंगमध्ये काढायचे. तो मशीनवर जॉब कसा बांधेल हे तुमच्या डेटमवरून ठरतं. आणि तपासणीत आम्ही सीएमएमवर (मापं घेणाऱ्या यंत्रावर) तोच ए, तोच बी घेतो. तेव्हा बनवणारा आणि तपासणारा एकाच भाषेत बोलतात.

बोल्टच्या भोकांचं गणित सोपं आहे. एम६ ला मध्यम मोकळीक असलेलं भोक ६.६. बोल्ट ६.० धरा. ०.६ ची जागा उरते. एका भागात आटे आणि दुसऱ्यात मोकळं भोक असेल तर ही जागा दोन्ही भागांत वाटायची: प्रत्येकी ०.३ व्यासाचा पोझिशन टॉलरन्स (भोकाचं केंद्र एवढ्या वर्तुळात यायला हवं). यात दोन्ही भाग वाईटात वाईट निघाले तरी बोल्ट जातो. तुम्ही मागत होतात ±०.०२, गरज आहे व्यास ०.३ ची!

जागेसाठी ± देण्यापेक्षा पोझिशन चिन्ह का वापरायचं, तेही सांगतो. ±०.१ दोन्ही दिशांना दिलं की भोकाच्या केंद्राला ०.२ बाजूचा चौकोन मिळतो. त्या चौकोनाच्या कोपऱ्यात केंद्र असलं तरी तुम्ही भाग स्वीकारता, आणि कोपरा मध्यापासून ०.१४ वर आहे. मग डावीकडे, उजवीकडे, वर, खाली तेवढंच अंतर का चालू नये? बोल्ट गोल आहे, त्याला दिशा कळत नाही. चौकोनाबाहेरून वर्तुळ काढलं तर व्यास ०.२८ येतो आणि क्षेत्रफळ ५७ टक्क्यांनी वाढतं. बसणी तीच राहते आणि बनवणाऱ्याला जास्त मोकळीक मिळते. फुकटात.

डॉवेल भोकं ६ एच७ (+०.०१२, ०). बोअरची जागा बी-सी पासून व्यास ०.०५. जुळणी साध्य होईल का, हे तुमच्या भिंतीवरही अवलंबून आहे. तिथलंही असंच तपासा.

आणखी एक: टायटल ब्लॉकमध्ये कुठलं मानक वापरलंय ते लिहाच. एएसएमई वाय१४.५ (अमेरिकी मानक) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय) यांत एक मूळचा फरक आहे. एएसएमईमध्ये मापाचा टॉलरन्स आकारावरही बंधन घालतो, म्हणजे जास्तीत जास्त व्यासाचा शाफ्ट वाकडा चालत नाही. आयएसओ ८०१५ प्रमाणे माप आणि आकार स्वतंत्र, सरळपणा हवा तर वेगळा मागावा लागतो. तोच कागद दोन ठिकाणी दोन अर्थांनी वाचला जातो.

वायझर

मापाडी यांच्याशी सहमत, पण एक लगाम. हे सगळं शिकल्यावर माणूस प्रत्येक भोकाला पोझिशन चिन्हाच्या चौकटी लावत सुटतो. ज्या शॉपला पोझिशनची चौकट वाचता येत नाही, तिथला माणूस एक तर काम नाकारतो किंवा चौकट आहे म्हणून भाव वाढवतो. काम ज्याच्याकडे जाणार त्याच्याशी आधी बोला. त्याला ± च कळत असेल तर ± द्या, फक्त गणित वरच्यासारखं करा. चौकोन वर्तुळाच्या आत बसवायचा: ०.३ व्यासात ±०.१ आरामात बसतो.

पृष्ठभागाचंही तेच. सगळीकडे आरए (खरबरीतपणाचा आकडा, मायक्रॉनमध्ये) ०.८ मागू नका. सर्वसाधारण ३.२, बोअर आणि शाफ्टच्या बेअरिंग जागेला ०.८, मागच्या बाजूला १.६. बाकी जसं येईल तसं. जुने लोक अजून त्रिकोण काढतात, एक त्रिकोण खरबरीत, तीन त्रिकोण गुळगुळीत. समजतं सगळ्यांना, पण आकडा नसल्यामुळे भांडण लागलं तर कोणाकडेच मोजायला काही नसतं.

गेजवाली

तपासणीकडून माझे दोन शब्द.

बोअरचा पट्टा २५ मायक्रॉनचा आहे आणि नेहमीच्या व्हर्नियरचा अल्पांक ०.०२ मिमी. व्हर्नियरने एच७ तपासला असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. बोअर गेज लागतो, नाहीतर गो आणि नो-गो प्लग (पहिला आत जायला हवा, दुसरा जाता कामा नये). ड्रॉइंग काढतानाच प्रत्येक कडक मापापुढे मनात लिहा: हे कशाने मोजणार? उत्तर सापडत नसेल तर माप चुकीच्या पद्धतीने दिलंय.

शाफ्टची चावीची खाच हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. २० व्यासाच्या शाफ्टला ६ × ६ ची चावी, शाफ्टमधली खोली ३.५. बरेच जण ड्रॉइंगवर ३.५ लिहितात. पण हे ३.५ मोजायचं कुठून? वरचा गोलावा कापून गेलेला असतो, तिथे टेकायला पृष्ठभागच उरलेला नाही. त्याऐवजी खाचेच्या तळापासून शाफ्टच्या विरुद्ध बाजूपर्यंत माप द्या: १६.५ (०, −०.१). हे मायक्रोमीटरने थेट मिळतं.

आणि एकच माप दोनदा देऊ नका. एकूण लांबी दिली, तुकड्यांच्या सगळ्या लांब्याही दिल्या, की कुठलं तरी एक खोटं ठरतं. बिनमहत्त्वाचा तुकडा सोडून द्या किंवा कंसात लिहा. कंसातलं माप फक्त माहितीसाठी असतं, ते आम्ही तपासत नाही.

रेघोटी

१६.५ ची गोष्ट कुठेच वाचली नव्हती, धन्यवाद! आता मटेरिअलचं विचारते. मी "ॲल्युमिनियम, अनोडाइज काळे" आणि "स्टील" एवढंच लिहिलंय. प्रश्नपत्रकात पहिले दोन प्रश्न यावरचेच आहेत.

खराद

असणारच. "ॲल्युमिनियम" म्हटलं की शॉप हाताशी असलेला तुकडा लावणार, आणि त्यांचा दोष नाही. ग्रेड आणि त्याची अवस्था दोन्ही लिहा: ६०६१-टी६. टी६ म्हणजे उष्णोपचार करून कडक केलेलं. तेच ६०६१ नरम अवस्थेत घेतलं तर टूलला चिकटतं, आटे फाटतात, चकाकी येत नाही. शाफ्टला ईएन८ हे स्टील पुरेल. उष्णोपचार नको असेल तर "नको" असं लिहा. हवा असेल तर किती एचआरसी (कडकपणाचं माप) पासून किती एचआरसी पर्यंत, हा पट्टा द्या. नुसतं "हार्डन करणे" म्हणजे काहीच सांगितलं नाही.

पर्यायी ग्रेड चालणार असेल तर तेही लिहा. ६०६१ ऐवजी ६०८२ चालेल, एवढ्या एका ओळीने कधी कधी माल मिळायची वाट बघायचा वेळ वाचतो.

गेजवाली

अनोडाइजवर थांबा, इथेच जास्तीत जास्त भाग मरतात.

अनोडाइजचा थर (ॲल्युमिनियमवर तयार केलेला ऑक्साइडचा) धातूवर बसतो तसा धातूच्या आतही उतरतो. ढोबळमानाने निम्मा आत, निम्मा बाहेर. १० मायक्रॉनचा साधा थर दिला तर प्रत्येक बाजूला ५ मायक्रॉन वाढतात, बोअरचा व्यास १० मायक्रॉनने कमी होतो. तुमच्या २५ च्या पट्ट्यातले १० गेले. ५० मायक्रॉनचं हार्ड अनोडाइज असेल तर व्यास ५० ने कमी, पट्ट्याच्या दुप्पट. बोअर सुंदर ४२.०१० ला काढलेला असतो, अनोडाइज करून येतो आणि बेअरिंग तोंडाशीच अडकतं. मग मशीनवाला म्हणतो माझं माप बरोबर होतं, कोटिंगवाला म्हणतो माझा थर बरोबर होता. दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून दोनपैकी एक लिहा. एक तर "मापे कोटिंगनंतरची", म्हणजे आधी किती मोठं काढायचं ते शॉप ठरवेल. किंवा "बोअर व डॉवेल भोकांवर कोटिंग नको, मास्क करणे". तुमच्या बाबतीत मी दुसरं निवडेन. कुठला पृष्ठभाग मास्क करायचा तो ड्रॉइंगवर जाड तुटक रेषेने दाखवा, नुसत्या टिपेत नको. एम४ च्या आट्यांनाही प्लग लावायला सांगा. थराची जाडीही लिहा, नुसता "काळा" हा रंग झाला.

फिरकी

मधेच एक शंका. प्रोजेक्शनचं (दृश्यं कुठल्या पद्धतीने मांडलीत ते सांगणारं) चिन्ह अजून कोणी बघतं का? कापलेल्या शंकूचं ते लहानसं चित्र.

वायझर

बघतं, आणि नसलं तर शिव्या देतं. फर्स्ट अँगलमध्ये उजवीकडून दिसणारं दृश्य डावीकडे काढतात, थर्ड अँगलमध्ये उजवीकडेच. युरोपात पहिली पद्धत रुळलेली, अमेरिकेत तिसरी. सॉफ्टवेअर कुठल्या साच्यावर सुरू केलं त्यावर तुमचं ड्रॉइंग ठरतं आणि तुम्हाला पत्ताही नसतो. सममितीच्या भागात फरक पडत नाही. पण भाग एकाच बाजूला वेगळा असला, तुमचा खळगा एका बाजूला आहे तसा, की चुकीच्या पद्धतीने वाचल्यास आरशातली प्रतिमा बनते. सगळी मापं बरोबर, भाग उलटा.

यावरचा स्वस्त उपाय: कागदाच्या रिकाम्या कोपऱ्यात भागाचं एक तिरकं थ्री-डी चित्र टाका, मापांशिवाय. वाचणारा आधी ते बघतो आणि मग दृश्यं लावतो. आतली रचना दाखवायला तुटक रेषांचं जाळं करू नका. बोअरच्या मधून एक छेद घ्या, सगळं स्वच्छ दिसेल.

खराद

आता खळगा. रेघोटीताई, तुमच्या मॉडेलमध्ये त्याचे आतले कोपरे काटकोनी असणार, पैज लावतो. मिलिंगचा कटर गोल फिरतो, त्यामुळे आतला उभा कोपरा गोलच येतो. कटर जितका बारीक तितका कोपरा लहान, पण खोली वाढली की बारीक कटर थरथरतो. १५ मिमी खोलीला आर३ (३ मिमी त्रिज्येचा कोपरा) मागितलात तर ६ चा कटर त्याच्या व्यासाच्या अडीचपट लांब बाहेर काढून चालवावा लागेल. होतं, पण सावकाश. आर५.५ किंवा आर६ दिलात तर १० चा कटर सरळ वळून जातो. आर५ पेक्षा थोडा मोठा का, तर कटरची त्रिज्या आणि कोपऱ्याची त्रिज्या एकच असली की कटर कोपऱ्यात क्षणभर अडकतो आणि तिथे खरबरीत डाग उठतो. सेन्सरचा कोपरा चौकोनी असून आडवा येत असेल तर कोपऱ्यात बाहेरच्या बाजूला भोक मारून जागा करा.

बेअरिंगच्या घराच्या तळाशी आणि शाफ्टच्या पायरीला मात्र उलटं. ६००४ च्या कडेचा गोलावा कमीत कमी ०.६ असतो. तुमच्या पायरीचा कोपरा त्यापेक्षा मोठा झाला तर बेअरिंग पायरीला टेकणार नाही, कोपऱ्यावर चढून बसेल. तिथे "आर०.५ कमाल" लिहा. कमाल हा शब्द महत्त्वाचा.

आटे: एम४, आट्याची खोली ८, ड्रिलची खोली १२. दोन्ही लिहा. एकच खोली लिहिली तर ती कशाची हे विचारावं लागतं, आणि टॅपला तळाशी जागा नसली की टॅप तुटतो. तुटलेला टॅप ॲल्युमिनियममधून काढणं काय असतं ते इथे सांगत बसत नाही.

कडा: "सर्व कडांवरील बर काढणे, ०.२ ते ०.५ मोडणे" (बर म्हणजे कापल्यावर कडेला राहणारी धारदार किनार). ही ओळ नसेल तर कोणी कडा सुरीसारख्या सोडतो, कोणी एक मिलिमीटरचा चॅम्फर (तिरका काप) मारून देतो. एखादी कड धारदारच हवी असेल तर तिथे वेगळं लिहा.

फिरकी

टायटल ब्लॉकमध्ये २७६८-एमके लिहिलेलं नेहमी दिसतं. तेच वापरायचं ना?

मापाडी

एम हा पहिल्या भागातला, रेषीय आणि कोनीय मापांचा. के हा दुसऱ्या भागातला, सपाटपणा वगैरेंचा. तो दुसरा भाग मागे घेतलेला आहे, त्याची जागा आयएसओ २२०८१ ने २०२१ मध्ये घेतली. जुन्या साच्यांत एमके छापलेलं असतं म्हणून चालत राहतं. नवीन काढताना फक्त २७६८-एम लिहा आणि सपाटपणा हवा तिथे स्वतः मागा. ताईंना मागच्या बाजूला ०.०५ सपाटपणा पुरेल.

रेघोटी

सगळं घेऊन ड्रॉइंग पुन्हा काढलं. टिपा अशा झाल्यात, कोणाला काही खटकलं तर सांगा.

ब्लॉक: मटेरिअल ६०६१-टी६, ६०८२-टी६ चालेल. मापे मिमीमध्ये. न दिलेले टॉलरन्स आयएसओ २७६८-एम. भौमितिक टॉलरन्स आयएसओप्रमाणे. पृष्ठभाग आरए ३.२, वेगळे दर्शवले नसल्यास. बर काढणे, कडा ०.२ ते ०.५ मोडणे. काळे अनोडाइज, थर ८ ते १२ मायक्रॉन, बोअर व डॉवेल भोके मास्क, आटे प्लग. खळग्याचे कोपरे आर६ कमाल. मॉडेल व ड्रॉइंगमध्ये फरक असल्यास ड्रॉइंग ग्राह्य.

शाफ्ट: ईएन८, उष्णोपचार नाही. दोन्ही टोके २० के६, आरए ०.८, दोन्ही टोके एकमेकांशी समअक्ष, एकूण रनआउट ०.०२. पायरी आर०.५ कमाल. खाच १६.५ (०, −०.१).

टॉलरन्स लिहिलेली मापं आता दोन्ही भाग मिळून मोजकीच उरली आहेत. प्रश्नपत्रकातले जवळपास सगळे प्रश्न यात आपोआप सुटले.

वायझर

आवृत्ती लिहा. आधीचं पाठवलेलं ए समजा, हे बी. फाइलच्या नावातही बी, आणि काय बदललं याची एक ओळ कोपऱ्यातल्या तक्त्यात. "अंतिम", "अंतिम नवीन", "अंतिम नवीन २" अशी नावं दिसली की समजावं, शॉपमध्ये जुनीच प्रिंट मशीनला चिकटवलेली आहे. स्टेप फाइलवरही तेच अक्षर.

गेजवाली

के६ मधला के इंग्रजी लहान लिपीतला आणि एच७ मधला एच मोठ्या लिपीतला आहे ना, तेवढं बघा. भोकाला मोठं अक्षर, शाफ्टला लहान. अक्षराबरोबर मर्यादेचे आकडेही लिहा, ४२ एच७ आणि शेजारी +०.०२५, ०. तक्ता शोधायला लागू नये.

खराद

चांगलं झालंय. एकच राहिलं. एवढा कमी रनआउट (फिरताना होणारी डगमग) हवा असेल तर शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरून फिरवतील किंवा ग्राइंड करतील. टोकांना सेंटरची भोकं राहिली तर चालतील का? ड्रॉइंग गप्प असेल तर कोणी ठेवेल, कोणी कापून टाकेल आणि लांबीचं बघत बसेल.

रेघोटी

दोन्ही टोकांना चालतील, टोकांच्या तोंडांना काही टेकत नाही. "सेंटर भोके ठेवण्यास हरकत नाही" अशी टीप टाकली आणि आवृत्ती बी पाठवून दिली.